पाक तिर्तोंचा होकार

आमच्या सोलो शहरात तोंडावर ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. नको असेल तर माणूस आधी ‘हो’ म्हणतो, मग ‘नंतर बघू’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याने काय ते समजून पुढ्यातला चहा प्यायचा असतो. बाहेरगावचे लोक यावरून आम्हाला नावं ठेवतात. ठेवू देत. मी चाळीस वर्षं या गल्लीच्या तोंडाशी नारळाच्या दुधात शिजवलेला भात विकते. कुणाचा होकार खरा आणि कुणाचा वरवरचा, हे मला भात वाढायच्या आत कळतं, अशी माझी घमेंड होती.

पाक तिर्तो माझ्या दुकानासमोर राहतात. प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते एकाहत्तरचे, मी साठीची. तरी ते मला ‘बू’ म्हणतात आणि मी त्यांना ‘पाक’, म्हणजे एकमेकांना आई-बाप म्हटल्यासारखंच. बायको जाऊन खूप वर्षं झाली. स्वभाव असा मवाळ, की रिक्षावाल्याने चुकीच्या गल्लीत सोडलं तरी ‘हो, हो, इथेच यायचं होतं’ म्हणून उतरतील आणि चालत घरी येतील. भीड ही भिकेची बहीण, हे मी त्यांना किती वेळा ऐकवलं असेल. त्यावरही म्हणायचे, ‘हो.’

त्यांच्याकडे वडिलांकडून एक काम आलेलं, दिवस मोजायचं आणि चांगला वार बघायचं. आमच्यात माणूस गेला की तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा असे दिवस करतात, आणि सगळ्यात शेवटी हजारावा. हजाराव्याला कबरीवर दगड बसतो. तोवर गेलेलं माणूस कुठेतरी दाराशी घुटमळतंय असं धरतात. सात वार, त्यावर आमचे पाच बाजारवार, यांची सांगड घालत हजारावा दिवस काढायचा म्हणजे डोक्याचा भुगा. पाक तिर्तो तो बोटांवर काढायचे. त्या दिवशी जमलेल्यांना प्रार्थनेची पुस्तिका वाटतात, तिचं पहिलं पानही तेच तयार करायचे: फोटो, नाव, जन्मवार, मृत्यूवार. माझ्या नवऱ्याचं पान त्यांनीच केलेलं. अजून माझ्या उशाशी आहे.

त्यांना एकच मुलगा, जात्मिको. नावाचा अर्थ सालस. नावच काय ते सालस. आमच्यात थोरांशी बोलायची भाषा निराळी, आदराची. पोरं ती बोलायला लागली की शिकतात. जात्मिको बापाशी कधी त्या भाषेत बोलला नाही. वयात येता येता दोघांचं कशावरून तरी बिनसलं, ते बिनसलेलंच राहिलं. पोरगा बाताम बेटावर कारखान्यात गेला. ईदला कधी यायचा, कधी नाही. आला तरी ‘किल्ली दे’, ‘जेवण कुठंय’ एवढंच. बाप मूग गिळून बसायचा. मी एकदा भात वाढताना म्हटलंही, ‘काय रे, जीभ बातामला विसरून आलास का?’

‘बू, तुझी आहे की,’ म्हणाला. ‘अख्ख्या गल्लीला पुरेल.’

एका ईदला तो एक कॉम्प्युटर घेऊन आला. जुनाच, कारखान्यातून काढून टाकलेला. सहा दिवस पुढच्या खोलीत त्याच्यासमोर बसून राहिला आणि दिवस मोजायचा प्रोग्राम लिहिला. मृत्यूची तारीख घातली की सगळे दिवस निघायचे, पुस्तिकेचं पानही मांडून मिळायचं. सातव्या दिवशी पिशवी खांद्याला लावून बापाला म्हणाला, ‘घे. आता बोटं मोजत बसू नकोस.’ आणि बस पकडायला गेला.

तो गेल्यावर पाक तिर्तोंनी प्रोग्राम उघडला. मी तिथे होते, म्हणून सांगते. वर अक्षरं आली, शुद्ध आदराच्या भाषेत: ‘या बाबा, बसावं.’ नसलेली तारीख घातली की यायचं: ‘माफ करा बाबा, तारीख पुन्हा एकदा पाहावी का?’ आणि बंद करताना: ‘दमला असाल बाबा. विश्रांती घ्यावी. मी इथेच थांबतो.’ ज्या पोराच्या तोंडून जन्मात ‘अहो’ निघालं नाही, त्याने हे सगळं लिहून ठेवलं होतं. शेवटचं वाक्य पाक तिर्तो बराच वेळ वाचत राहिले, मग चष्मा पुसत बसले. फोनवर बाप-लेक या विषयावर कधी अवाक्षर बोलले नाहीत. पुढे माझ्या लक्षात आलं, पाक तिर्तो मुद्दाम एकतीस फेब्रुवारी घालायचे.

तीन वर्षांनी जात्मिको डेंग्यूने गेला. चार दिवसांत आटोपलं. गुरुवार होता, बाजारवार वागे. विमानाने पेटी आली. पाक तिर्तो येणाऱ्या प्रत्येकाला चहा मिळाला का विचारत होते, तेवढंच. आठवड्याने त्यांनी प्रोग्राम उघडून पोराचं नाव घातलं आणि त्याच्याच प्रोग्रामने त्याचा हजारावा दिवस काढून दिला: मंगळवार, पोन.

‘पहिलं पानही हाच करेल,’ ते मला म्हणाले. ‘पण आत्ता नाही. आमचे वडील म्हणायचे, हजाराव्याचं पान आधीपासून छापून ठेवू नये. जाणाऱ्याला घाई केल्यासारखं होतं. आदल्या आठवड्यात छापेन.’

पोराचं पान पोराच्या हातचं असावं. या माणसाने स्वतःसाठी मागितलेली, मला ठाऊक असलेली ही एकच गोष्ट.

आता माझं सांगते. गल्लीच्या मयत-मंडळाची मी प्रमुख. कुणी गेलं की खुर्च्या, कापड, खड्डा खणणारे, सगळी धावपळ माझ्या गळ्यात. हजारावा जवळ आला त्याच सुमाराला आमच्या वॉर्ड ऑफिसने फर्मान काढलं, मृत्यूची नोंद यापुढे इंटरनेटवरूनच. फोनवरून करायला गेलं तर अर्ध्यात अडकायचं. गल्लीत कॉम्प्युटर एकच, पाक तिर्तोंचा, आणि त्याच्यावर ऑफिसचं पान उघडेना. सिस्टिम जुनी झाली, नवी टाका, असं यायचं. बू सुमीच्या सासूच्या दाखल्यासाठी मी तीन हेलपाटे घातले, भर उन्हात, हे असले गुडघे घेऊन. तिसऱ्या वेळी खिडकीतली पोरगी म्हणाली, ‘बू, ऑनलाइन करा ना, सोप्पं आहे.’ मी तिला जे बोलले ते इथे सांगत नाही.

पाक तिर्तोंनाही ती पाटी दिसायचीच. रोज सकाळी स्क्रीन विचारायचा, नवी सिस्टिम टाकायची का? आता, की नंतर? ते रोज ‘नंतर’ दाबायचे.

‘फार सभ्य आहे हो बू,’ मला म्हणाले. ‘रोज विचारतो, रागावत नाही.’

‘त्याचं राहू द्या. तुम्ही काय ठरवलंय?’

‘टाकायला तर हवीच. लोकांची अडचण होते.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘नव्या सिस्टिमवर जुने प्रोग्राम चालतात का हो?’

‘मला काय विचारता? मी भातवाली बाई.’

‘तेही खरं,’ म्हणाले आणि रिकामी वाटी स्वतः विसळून ठेवून गेले.

त्यांच्या जिवाची घालमेल मला दिसत होती. एक दिवस म्हणायचे, टाकून घेऊ. दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी ऐकून यायचे, की अमक्याचं नवं टाकल्यावर सगळं गेलं. तिसऱ्या दिवशी आणखी कुणी सांगायचं, छे, काही होत नाही, आता तर पोरंसोरंही करतात. दोघांनाही हे ‘हो’ म्हणून यायचे. जगाचे शुभ दिवस काढणारा माणूस, पण स्वतःच्या कॉम्प्युटरला एक दिवस ठरवता येईना, असं मी दुकानात बसून चारचौघांत म्हणायची. लोक हसायचे. मीही हसायची.

एका रविवारी मंडळाची बैठक झाली. गल्लीप्रमुखांनी विषय काढला, ‘पाक तिर्तो, सगळ्यांच्या सोयीसाठी तेवढं नवं करून घ्यायचं का?’

‘हो, हो,’ पाक तिर्तो हसून म्हणाले. ‘करू की. नंतर.’

सगळ्यांना कळलं. गल्लीप्रमुखांनी लगेच उकडलेल्या शेंगांची बशी पुढे सरकवली आणि विषय गटारीच्या झाकणांवर गेला. मन असलं की एवढं सोपं असतं ते. पण माझे गुडघे ठणकत होते. मी मनाशी म्हटलं, हो म्हणाला ना माणूस? सगळ्यांदेखत म्हणाला. मग झालं तर.

सोमवारी मी बाजारामागे बोनारकडे गेले. बोनार सितिंजाक, मेदानकडचा, बाटाक जमातीचा, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्या लोकांचं बोलणं मोठ्याने आणि रोखठोक. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, आणि शेजारच्या दुकानालाही ऐकू गेलं पाहिजे. मनाने मात्र लोण्यासारखा. ‘पाक तिर्तो हो म्हणालेत,’ मी त्याला सांगितलं. ‘नंतर’ हा शब्द मी गिळला.

मंगळवारी सकाळी तो आला. जात्मिकोच्या हजाराव्याला बरोबर तीन आठवडे होते. पाक तिर्तोंनी दार उघडलं, बोनारला पाहिलं, त्याच्यामागे मला पाहिलं, आणि म्हणाले, ‘या, या. बरं झालं आलात.’

मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, जणू माझंच घर. बाहेर येते तर बोनार कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसलेला.

‘पाक, हे सगळं पुसून नवं टाकावं लागेल,’ तो म्हणाला. ‘वरच्यावर चढवलं तर हे म्हातारं मान टाकेल. तुमच्या फायली आधी काढून घेतो, फोटो, याद्या, सगळं. चालेल ना?’

‘हो.’

‘नक्की? मागाहून ओरडायचं नाही हं.’

‘छे, ओरडू कशाला. तुम्ही आधी चहा घ्या. सावकाश करू. नंतरही चालेल.’

‘नंतर कशाला? आलोय ना मी.’

तेव्हा पाक तिर्तोंनी माझ्याकडे पाहिलं.

हे नीट सांगायला हवं. आमच्यात कुणाला भिडेपोटी नाही म्हणता येईना, की जवळ बसलेल्या तिसऱ्याने ते त्याच्या वतीने म्हणायचं असतं. ‘अहो, आज त्यांना डॉक्टरकडे जायचंय.’ ‘अहो, घरी पाहुणे यायचेत.’ खोटं चालतं, ते खोटं कुणी मोजत नाही. तिथे तिसरी मीच होते. एक वाक्य पुरलं असतं. दिवस मोजणाऱ्याच्या घरात ‘आजचा वार बरा नाही’ म्हणायला काय डोकं लागतं? मी मान खाली घालून कपातली साखर ढवळत राहिले. ती केव्हाच विरघळली होती.

त्यांनी नजर काढून घेतली.

‘आणि हे काय? ‘बाबा’ नावाचं?’ बोनारने स्क्रीनवर बोट ठेवलं.

‘ते मुलाने केलंय.’

‘वा! हुशार आहे. तेही काढून घेतो.’

‘एक मिनिट,’ पाक तिर्तो म्हणाले. ‘ते उघडं राहिलंय का बघतो.’ उघडं नव्हतं. त्यांनी ते उघडलं, थोडं थांबले, आणि बंद केलं. बंद करून झाल्यावरही क्षणभर वाचत राहिले. मग खुर्ची सोडून उभे राहिले. ‘हं, करा,’ म्हणाले.

दोन-अडीच तास लागले. नवा स्क्रीन आला, त्यावर कुठल्याशा परमुलखातले बर्फाचे डोंगर. वॉर्ड ऑफिसचं पान एका दमात उघडलं. खरं सांगते, मला आनंद झाला. बोनारने फायली परत ठेवल्या. फोटो होते, याद्या होत्या, माझ्या नवऱ्याचं पानसुद्धा होतं. मग त्याने ‘बाबा’वर दोनदा टिचकी मारली.

‘हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही,’ असं आलं. खाली एकच बटण होतं: ‘ठीक आहे.’

बोनार काही म्हणायच्या आत पाक तिर्तोंनी पुढे होऊन ते दाबलं. दुसरं बटणच नव्हतं.

बोनारने हात झटकले नाहीत, हे मी कुणापुढेही सांगेन. तीन दिवस येत राहिला. जुनी सिस्टिम कुठून तरी पैदा करून ती परत टाकून पाहिली. त्याने मला समजावलं ते एवढंच, की पोराने प्रोग्रामला कुलूप घातलं होतं आणि त्याची खूण जुन्या सिस्टिमच्या पोटात ठेवली होती. ती पुसताना गेली. आता प्रोग्राम पासवर्ड मागत होता. तोंडाने तो स्वतःलाच शिव्या देत होता. चौथ्या दिवशी पाक तिर्तोंना म्हणाला, ‘पाक, एवढं काय त्यात. तुमच्या मुलाला फोन लावा ना. पासवर्ड सांगेल. दोन मिनिटांचं काम आहे.’

त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं त्याला. कामाच्या घाईत मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

मी तोंड उघडलं, पण पाक तिर्तोंनीच उत्तर दिलं.

‘हो,’ म्हणाले. ‘लावतो. नंतर.’

‘लावा लावा. मग मला बोलवा,’ बोनार म्हणाला, आणि उरलेला चहा एका घोटात संपवून गेला. मी त्याच्यामागे धावत जाऊन कोपऱ्यावर त्याला सांगितलं. तो मोठ्या आवाजाचा माणूस तिथल्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि मला म्हणाला, ‘तुम्ही लोक बोलत का नाही?’ बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

आदला आठवडा आला. मी म्हटलं, ‘पाक, पहिलं पान मी बाजारातून छापून आणते. चांगलं चकचकीत करतात.’

‘हो,’ म्हणाले.

या वेळी मला कळलं, आणि मी गेले नाही. त्यांनी पानं हाताने लिहिली, साठच्या साठ. मास्तरांचं अक्षर, फळ्यावरच्यासारखं गोल आणि सरळ. पण चाळिसाव्या पानापासून ओळ खाली उतरत गेली. फोटो चिकटवायला मी बसले. नाव, जन्मवार, मृत्यूवार, सगळं आदराच्या भाषेत. कुठलाही बाप मेलेल्या पोराबद्दल त्या भाषेत लिहीत नाही.

मंगळवारी, पोनला, सकाळी दगड बसला. संध्याकाळी पुरुष मंडळी चटयांवर बसून प्रार्थना म्हणत होती आणि मी बशा आणायला स्वयंपाकघरात गेले. भिंतीवर कॅलेंडर होतं. बोनार आला त्या दिवशी चहा करताना मी त्याच्यासमोर पंधरा मिनिटं उभी होते, पण तेव्हा त्याचं पान मागल्या महिन्याचं होतं. आता आजच्या चौकटीभोवती गोल होता. तो असणारच. पण त्याच्या पुढच्या चौकटीतही पेन्सिलने लिहिलेलं होतं: ‘बुधवार, वागे. दिवस चांगला. नवी सिस्टिम टाकून घेणे. बोनारला निरोप देणे.’ आणि खाली, मास्तरांची सवय, लिहिल्याची तारीख. ती बैठकीच्या आदल्या दिवसाची होती.

मी बशा हातात धरून उभी राहिले. म्हणजे त्यांनी दिवस ठरवला होता. जुनं ठेवायचं की नवं टाकायचं, दोन्हीचा मान राखून ठरवला होता. बैठकीत ते ‘हो’ म्हणाले ते खरं होतं आणि ‘नंतर’ म्हणाले तेही खरं होतं. शेंगांची बशी पुढे करणाऱ्यांनी त्यातला ‘हो’ ऐकला नाही, आणि मी ‘नंतर’ ऐकला नाही. तीन आठवडे. तीन हेलपाटे घालणाऱ्या बाईला आणखी तीन आठवडे थांबायला काय झालं होतं? त्या तीन आठवड्यांत तर आमच्या गल्लीत कुणी मेलंही नाही.

लोक गेल्यावर ते एकटे चटया गुंडाळत होते. आमच्यात असं कुणी तोंडावर बोलत नाही, पण मी बोलले.

‘पाक, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला कळलं होतं. कळून मी गप्प बसले. माझं चुकलं. मला माफ कराल का?’

त्यांनी चटई भिंतीला उभी केली. ती घसरली, ती पुन्हा नीट लावली. मग माझ्याकडे वळून हसले, नेहमी हसतात तसंच.

‘हो, बू,’ म्हणाले. ‘हो.’

चाळीस वर्षं मी या गल्लीतले होकार ओळखत आलेय. हा कुठला होता, ते मला कळलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी चहा ओतला आणि कप माझ्या पुढ्यात ठेवला.